चकचकीत कव्हरची कॉमिक्स: घेण्याआधी आणि घेतल्यावर

दुकानात रोज कोणीतरी विचारतंच, "यावर होलोग्राम आहे, म्हणजे किंमत भारी येईल ना?" किंवा अमेरिकेतल्या मामाने पाठवलेला जुना खोका घेऊन येतात आणि त्यातलं चमकणारं कव्हर सगळ्यात आधी काढून दाखवतात. म्हणून हे एकदा नीट लिहून काढलंय, घरी न्या आणि सावकाश वाचा.

या कव्हरांचा खरा जोर होता तो १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. १९९१ ला सिल्व्हर सर्फरच्या ५० व्या अंकावर चंदेरी फॉइलचा उठाव आला, त्याच वर्षी घोस्ट रायडरचा १५ वा अंक अंधारात चमकणारा निघाला, १९९२ ला स्पायडरमॅनला ३० वर्षं झाली म्हणून होलोग्रामवाले अंक आले, १९९३ ला व्हॅलियंट या प्रकाशन कंपनीने ब्लडशॉटच्या पहिल्या अंकाला क्रोमियम, म्हणजे धातूसारखं चकाकणारं प्लास्टिक लावलं, आणि मग जो तो त्याच्या मागेच लागला. एक्लिप्सो नावाच्या खलनायकाच्या एका अंकावर तर चक्क प्लास्टिकचा खडा चिकटवलेला आहे.

आता किमतीचं. चमक म्हणजे दुर्मिळ असं अजिबात नाही, हे आम्ही गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण सांगतोच. १९९१ चा एक्स-मेनचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या कव्हरांत काढला, आतली गोष्ट एकच, लोकांनी पाचही घेतले आणि खप ८० लाखांच्या वर गेला. सुपरमॅन मरतो तो ७५ वा अंक काळ्या सीलबंद पिशवीत आला होता, आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा होती, तो लोकांनी न उघडताच जपून ठेवला, म्हणजे आजही तो हजारो घरांत नव्यासारखा आहे, मग भाव चढणार कुठून? पुढे हा बाजार बसला, तिकडची कितीतरी दुकानं बंद झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये स्पायडरमॅन, एक्स-मेन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याला कारणं बरीच होती पण हा फुगलेला बाजार त्यातलं एक होतं.

तरीही आम्हाला ही कव्हरं मनापासून आवडतात आणि आम्ही ती मुद्दाम ठेवतो. तो घोस्ट रायडर ट्यूबलाइटखाली दोन मिनिटं धरा आणि मग दिवा घालवा, हिरवट कवटी हळूहळू डोळ्यांसमोर उभी राहते, ते बघून आमच्याकडे आलेली लहान मुलं जागची हलत नाहीत. छपाईची कामगिरी म्हणूनही बघा ना, फॉइल म्हणजे आपल्या लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती असतो तेच काम, आणि हलतं चित्र म्हणजे शाळेत ती पट्टी असायची ना, तिरकी केली की चित्र बदलायचं, तेच तंत्र, बारीक खाचांच्या प्लास्टिकखाली दोन-तीन चित्रांच्या पट्ट्या आळीपाळीने छापलेल्या असतात. सप्टेंबर २०१३ मध्ये डीसीने, म्हणजे सुपरमॅनवाल्या कंपनीने, खलनायकांचे अंक याच कव्हरात काढले, पण प्लास्टिकची ऑर्डर आधीच द्यावी लागते त्यामुळे मागणी वाढली तरी जादा छापता आले नाहीत आणि दुकानांना मागितले त्यापेक्षा कमी मिळाले.

आणि आता सांभाळायचं, हे मात्र लक्ष देऊन वाचा कारण आपल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. क्रोमियमच्या कव्हरला वर प्लास्टिक आणि खाली कागद, कागद ओल धरून फुगतो, प्लास्टिक फुगत नाही, मग कव्हर पापडासारखं वळतं. पाठीला कडक आम्लमुक्त (कागद पिवळा न पाडणारा) पुठ्ठा लावा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. फॉइल आणि होलोग्रामवर बोटाचे ठसे उमटतात आणि फडक्याने पुसलं की चरे पडतात, तेव्हा कडेनेच धरा. वह्यांना घालतो ते जाड प्लास्टिकचं कव्हर नको, त्याला वास येतो, काही वर्षांनी ते चिकट होतं आणि अंकाला चिकटून बसतं. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, मायलर, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची पिशवी, परवडत असेल तर उत्तमच.

लॅमिनेशन कृपा करून करू नका. एका ताईंनी मुलासाठी प्रेमाने करून आणलं होतं, गरम रोलरखालून जाताना हलत्या चित्राच्या खाचाच बसल्या, आता ते चित्र कुठल्याच बाजूने हलत नाही, आम्हालाही बघून फार वाईट वाटलं.

त्या खड्याचंही तसंच. मागच्या वर्षी एक काका आख्खा गठ्ठा घेऊन आले, एक्लिप्सो मधोमध होता, वर पुस्तकांचं वजन, आणि त्याला लागून असलेल्या अंकावर खड्याच्या आकाराचा खोल खळगा पडलेला. खळगा पडलेला अंक होता त्यांच्या सगळ्यात आवडीचा. असा अंक गठ्ठ्यात ठेवायचाच नाही, स्वतंत्र खोक्यात, खडा वर करून, त्याच्यावर काहीही न ठेवता.

तुमच्याकडे असं काही असेल तर शनिवारी संध्याकाळी घेऊन या. आम्ही बघून सांगू, पिशवी-पुठ्ठा तिथेच घालून देऊ, मजुरी घेत नाही, फक्त सामानाचे पैसे.