बिडी-काडी वरच राहू द्या
भूमिगत कोळसा खाणीतल्या आगीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंदूरला कोळशाची खाण नाही. सांवेर रोडवरच्या आमच्या छोट्या कारखान्यातून अग्निशामक सिलिंडर, त्यांचं रिफिलिंग, गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन आणि खाणीच्या तोंडाशी लागणारं किरकोळ पत्र्याचं काम निघतं. ते जातं पाथाखेडा, परासिया, सावनेर, वणीकडे. मालासोबत हिंदी पत्रक असतंच. नागपूर-चंद्रपूरकडच्या ग्राहकांनी मराठीत मागितलं, म्हणून हे वेगळं लिहिलं. सिलिंडर कसा चालवायचा ते सिलिंडरवरच छापलेलं असतं, ते इथं पुन्हा देत नाही. इथं आहे ते बहुतेक आग लागायच्या आधीचं.

कप्प्यांचं कपाट

आमच्या दरपत्रकातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे पत्र्याचं कप्प्यांचं कपाट. प्रत्येक कप्प्यावर नंबर, आणि तो नंबर कामगाराच्या कॅप लॅम्पच्या टोकनचाच. खाली उतरण्याआधी माणूस आपला बिडीचा कट्टा, काडेपेटी, लायटर, मोबाइल त्यात ठेवतो आणि वर आल्यावर घेतो. यात आम्हाला फार काही सुटत नाही. तरीही ऑर्डर देताना आधी हे कपाट घ्या, सिलिंडर नंतर बघू, असं आम्ही सांगतो.

कारण साधं आहे. झडतीत बिडी सापडली की ती जप्त होते किंवा फेकली जाते. एक-दोनदा असं झालं की माणूस बिडी आणायचं सोडत नाही, लपवायला शिकतो. काड्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बुटात, बिड्या डब्याच्या झाकणात भाकरीखाली, नाहीतर डोक्याला बांधलेल्या गमछाच्या घडीत. आपली वस्तू परत मिळणार याची खात्री असेल तर बहुतेक जण मुकाट्यानं काढून ठेवतात. उरलेल्यांसाठी झडती आहेच.

एक गोष्ट मात्र पाळा. कपाट बत्तीघरात, म्हणजे कॅप लॅम्प चार्ज होतात त्या खोलीत, ठेवू नका, हाजरीच्या व्हरांड्यात ठेवा. लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तिथंच काडेपेट्या साठवायच्या म्हणजे आगीची जागा फक्त खालून वर आणली, एवढंच.

झडती कशी असावी

आपल्याकडच्या भूमिगत कोळसा खाणीत बिडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर किंवा ज्योत-ठिणगी काढणारी कुठलीही वस्तू नेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही. हे बहुतेकांना पाठ आहे. तरी अनेक ठिकाणी झडती म्हणजे खांद्यावर हात टेकवून ‘चला’ म्हणणं. शिफ्टच्या तोंडाला रांग लागलेली, माणसं खाली नेणारं मॅन-रायडिंग सुटायची वेळ झालेली, आणि झडती घेणारा रोजच्या ओळखीतला. त्याला संकोच वाटतो, हे आम्हाला समजतं.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. झडती घेणाऱ्यानं सगळ्यांसमोर आधी स्वतःची झडती द्यावी, म्हणजे पुढचा माणूस अपमान समजत नाही. खिसे बाहेर काढून दाखवायला सांगावं, वरून चाचपून भागत नाही. डबा आणि पाण्याची बाटली उघडून पाहावी. आणि झडती कधी कुणाची होईल याचा अंदाज येऊ देऊ नये. रोज मोजून पाचवा माणूस तपासला, तर दोन दिवसांत रांग त्याप्रमाणे लागते.

मॅनेजरसाहेब, इथं तुम्हालाच थोडं स्पष्ट सांगायला हवं. सर्व्हेचे पाहुणे, ठेकेदाराची नवी माणसं, पंप दुरुस्तीला आलेला आमच्यासारखा बाहेरचा मिस्त्री, यांच्याकडे लायटर निघण्याची शक्यता कायम कामगारापेक्षा जास्त, कारण त्यांना सवयच नसते. आणि साहेबाची झडती झाली नाही, तर बाकीच्यांची झडती हा निव्वळ देखावा ठरतो. आमचा माणूस कॅलिब्रेशनला खाली उतरेल तेव्हा त्याचीही झडती घ्या. घेतली नाही, तर त्यानं स्वतःहून आठवण करून द्यावी असं त्याला सांगितलेलं आहे.

खर्रा आणि तंबाखूबद्दल आम्हाला हमखास विचारलं जातं. त्यानं आग लागत नाही, बाकी तो ज्याचा त्यानं विचार करावा. बिडी सोडवायला म्हणून खर्रा वाटणाऱ्या ठेकेदाराचं कौतुक मात्र आम्ही करणार नाही.

‘निखाऱ्यानं काय होतंय?’

बिडीच्या निखाऱ्यानं खाणीतला गॅस, म्हणजे मिथेन, पेटत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एखादा जुना माणूस जवळजवळ प्रत्येक खाणीत भेटतो. म्हणणं अगदीच खोटं नाही. धुमसत्या टोकानं मिथेन सहसा पेटत नाही. पण बिडी पेटवायला ज्योत लागते. त्यातून बिडी म्हणजे सिगारेट नव्हे, दोन झुरक्यांत खंड पडला की ती विझते आणि पुन्हा काडी ओढावी लागते. एका बिडीमागे दोन-तीन वेळा उघडी ज्योत, असा हिशेब धरा. लायटरचं तर विचारूच नका. मिथेन आणि हवेचं योग्य मिश्रण पेटायला ०.३ मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. लायटरच्या ठिणगीत त्याहून कितीतरी जास्त असते.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोटक, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जोरदार. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉर्टनजवळच्या साउथमाउंटन खाणीत ७ डिसेंबर १९९२ रोजी स्फोट होऊन ८ कामगार गेले. चौकशीत ठिणगीचा उगम म्हणून सिगारेटच्या लायटरवर बोट ठेवलं गेलं. धूम्रपानाचं सामान खाली सापडलं. पण त्याच चौकशीत हेही पुढे आलं, की गोफकडचं, म्हणजे कोळसा काढून सोडलेल्या पोकळीकडचं, वायुवीजन नीट राखलं नव्हतं, म्हणून गॅस साठला होता. गॅस साठू देणारे आणि ज्योत नेणारे वेगवेगळे लोक होते. दोघांपैकी एकानं जरी आपलं काम केलं असतं तर त्या दिवशी तो स्फोट झाला नसता.

‘आमची तर डिग्री वन’

हे वाक्य आम्ही फोनवर फार ऐकतो. गॅसच्या प्रमाणावरून खाणीतल्या थरांचे दर्जे ठरतात, त्यातला सगळ्यात खालचा डिग्री वन. पण डिग्री वन म्हणजे गॅस नाही असं नव्हे. हवेत ज्वालाग्राही वायू ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आढळत नाही आणि काढलेल्या कोळशाच्या टनामागे १ घनमीटरपेक्षा जास्त निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मोजमाप वाहत्या हवेतलं. गोफच्या आत, बंद पॅनलच्या (कोळसा काढायला आखलेल्या भागाच्या) मागे, छताच्या खोबणीत काय साठलंय ते त्यात येत नाही. शिवाय वरच्या वातावरणाचा दाब उतरला, म्हणजे पावसाळ्यात वादळी ढग जमले की, स्टॉपिंगच्या, म्हणजे बंद भागापुढे बांधलेल्या भिंतीच्या, फटींतून आतली हवा बाहेर यायला लागते. काल शून्य दाखवणाऱ्या जागी आज गॅस मिळू शकतो.

मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो छताला चिकटून राहतो. डिटेक्टर कमरेच्या पट्ट्याला अडकवून फिरलं तर आकडा कमीच येणार. प्रोब काठीला लावून छताशी न्या, आणि जिथं हवा मंद आहे तिथं जास्त वेळ धरा. नियमाप्रमाणे पॅनलच्या रिटर्नमध्ये (वापरलेली हवा बाहेर जाते त्या वाटेत) ०.७५ टक्के आणि खाणीत कुठंही १.२५ टक्के ही मर्यादा. तिथपर्यंत आकडा गेल्यावर ‘मशीन खराब आहे’ म्हणायची पद्धत सोडा. आधी माणसं बाहेर काढा, मग मशीन आमच्याकडे पाठवा.

उलटा धोकाही लक्षात असू द्या. नेहमीच्या सेन्सरमध्ये गॅस जाळून मोजला जातो आणि जळायला ऑक्सिजन लागतो. गॅस फारच जास्त झाला की आकडा वर जाऊन पुन्हा खाली येतो. सुई सरसर चढून उतरली तर गॅस कमी झाला असं समजू नका.

बेल्ट

धूम्रपानावर एवढं लिहिलं, पण खाणीतली आग बिडीशिवायही लागते, आणि आमच्या मते कोळसा वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर बेल्टकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. अडकलेला रोलर बेल्टखाली घासत राहतो, तापतो, आणि त्याच्याभोवती सांडलेला बारीक कोळसा हळूहळू धुमसतो. बेल्ट चालू असताना उष्णता वाहून जाते. शिफ्ट सुटून बेल्ट थांबला की ती एकाच जागी राहते. म्हणून खरी फेरी बेल्ट बंद झाल्यानंतरची. रोलर कानानं ओळखा. फिरणाऱ्याचा आवाज एकसारखा असतो, अडकलेला कुरकुरतो किंवा एकदम गप्प असतो, आणि त्याच्या पोटावर घासून पडलेला चपटा चकचकीत पट्टा दिसतो.

इंग्लंडमध्ये क्रेसवेल खाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी ट्रान्सफर पॉइंटवर (एका बेल्टवरून दुसऱ्यावर कोळसा पडतो तिथं) फाटलेल्या बेल्टच्या घर्षणानं आग लागली. ८० माणसं गेली, आणि ज्वाळांनी नव्हे, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडनं. आत येणाऱ्या ताज्या हवेच्या वाटेत आग लागली की धूर थेट फेसवरच्या, म्हणजे कोळसा काढतात तिथल्या, माणसांकडे जातो. आगरोधक बेल्ट आज नियमानं लागतोच. तो घेताना प्रमाणपत्र मागा. इंदूरच्या सियागंज बाजारात कुणाकडे तरी अर्ध्या किमतीत साधा रबरी बेल्ट मिळेल, पण तो खाणीसाठी नाही.

सिलिंडर बेल्टच्या ड्राइव्ह हेडच्या (मोटर असलेल्या टोकाच्या) मागे टांगलेला आम्ही पुष्कळदा पाहतो. आग लागली तर त्याच्यापर्यंत पोचणार कसं? हवा जिकडून येते त्या बाजूला, यंत्रापासून थोडं अलीकडे टांगा. ताज्या हवेकडे पाठ ठेवूनच आगीजवळ जा. खालच्या दमट हवेत सिलिंडरमधली डीसीपी (ड्राय केमिकल) पावडर बसून घट्ट होते, म्हणून महिन्याच्या तपासणीत सिलिंडर उलटा करून हलवा. पावडर आत सरकल्याचा आवाज आला नाही, तर तो आमच्याकडे पाठवा, काटा हिरव्यात असला तरीही.

स्वतःहून तापणारा कोळसा

कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि तापतो. गोफमधल्या चुऱ्यात ती उष्णता कोंडली जाते. वास येतो घासलेट-पेट्रोलसारखा, छताला घाम सुटल्यासारखे थेंब जमतात, हवा धूसर दिसते. तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी कार्बन मोनॉक्साइड बोलतो. नमुन्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि कमी झालेला ऑक्सिजन यांचं प्रमाण काढायची ग्रॅहमची पद्धत खाणीत सगळ्यांना माहीत आहे. प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली असेल तर ठीक, १ टक्क्याच्या आसपास म्हणजे आत तापतंय, ३ टक्के म्हणजे आग आहे. पण एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. चढती रेघ पाहा. तापलेल्या ढिगावर नुसतं पाणी मारायची घाईही नको. लाल कोळशावर पाणी पडलं की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

सेल्फ रेस्क्यूअर

सेल्फ रेस्क्यूअर म्हणजे धुरातून बाहेर पडताना तोंडात धरून श्वास घ्यायचा डबा. फिल्टरवाला सेल्फ रेस्क्यूअर ऑक्सिजन देत नाही, फक्त कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करतो. ते होताना आत येणारी हवा गरम होते. श्वास गरम लागला की माणूस घाबरून तोंडातून काढतो, आणि हीच ती जीवघेणी चूक. गरम लागतोय म्हणजे काम चालू आहे, बाहेर पडेपर्यंत तोंडात ठेवायचा. हे नव्या माणसाला वरच, दिवसाउजेडी समजावून सांगा. डबा हवाबंद आहे की नाही हे वजनावरून कळतं. वजन वाढलेला डबा ओलावा शोषलेला असतो, तो बाद करा.

डिटेक्टर पाठवताना

कॅलिब्रेशनसाठी डिटेक्टर आमच्याकडे पाठवाल तेव्हा त्याच खोक्यात ग्रीस, रबर सोल्यूशन किंवा सिलिकॉन स्प्रेचा डबा घालू नका. सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सर कायमचा निकामी होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. शून्यावर तो अगदी छान शून्य दाखवतो. मधल्या काळात शिफ्टच्या आधी ओळखीच्या टक्केवारीचा गॅस सेन्सरवर सोडून पाहत जा, आकडा त्याच्या जवळपास आला पाहिजे. त्यासाठी लागणारी छोटी बाटली आणि नळी आम्ही देतो. मशीनसोबत खाणीचं नाव, मशीनचा नंबर आणि शेवटी कुणी काय तक्रार केली ते एका चिठ्ठीवर लिहून पाठवलं, तर आमचं काम लवकर होतं.