काळ्या पट्टीवरची गाडी

गेल्या महिन्यात सकाळच्या पेपरातून एक पत्रक घरात आलं. एका बाजूला ‘पाचव्या वर्षापासून रोबोटिक्स आणि कोडिंग’, मागच्या बाजूला ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन : मुलं डोळे बांधून वाचतील’. मागच्या बाजूचा निकाल आधी लावून टाकतो. मध्यमेंदू सगळ्यांचाच जन्मापासून चालू असतो. डोळे फिरवायचं कामसुद्धा तोच बघतो. पट्टी बांधलेलं पोर वाचतं ते नाकाशेजारी राहिलेल्या फटीतून. ती फट बुजवा, चमत्कार संपला.

पुढची बाजू मात्र अर्धी खरी आहे, म्हणून हा लेख.

पाच वर्षांच्या मुलाला स्क्रीन लागत नाही. शहाबादी फरशीवर खडूनं बाण काढा. एका पोरानं ‘दोन पुढं, उजवीकडं वळ, एक पुढं’ असं सांगायचं आणि दुसऱ्यानं डोकं न चालवता तसंच चालायचं. भिंतीवर आपटलं तर चूक सांगणाऱ्याची. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा केली. पुढं तिच्या हुकमावर जमिनीवरून रेघा ओढत फिरणारं यांत्रिक कासव आलं. त्या कासवात आणि फरशीवरच्या खेळात फार फरक नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग येतं ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात. तेव्हा बालवाडीसाठी हप्ते भरायची घाई कुणी करू नये.

मला बोलायचंय ते त्या सहावी-सातवीच्या पोरांबद्दल. दर शनिवारी एका शाळेत मी त्यांच्याबरोबर काळ्या पट्टीचा माग काढत आपोआप पळणारी गाडी करतो. बहुतेकांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा हे शिकवायची वेळ आली नाही.

गाडीला दोन मोटारी, दोन चाकं आणि पोटाखाली दोन सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सरमध्ये एक छोटा दिवा असतो, तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली टाकतो. पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळी चिकटपट्टी तो गिळते. पट्टी दोन्ही सेन्सरच्या मधोमध ठेवायची. दोघांनाही पांढरं दिसतंय तोवर सरळ जायचं. उजव्याला काळं दिसलं म्हणजे पट्टी उजवीकडं सरकली, मग उजवं चाक थांबवायचं, गाडी उजवीकडं वळते. डाव्याचं उलट. झाला प्रोग्रॅम.

वर्गात पळालेली गाडी व्हरांड्यात नेली आणि ती आंधळी झाली. पोरं म्हणाली बॅटरी उतरली. बॅटरी ठीक होती. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो आणि तो दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. काळं-पांढरं सगळं सेन्सरला एकसारखंच लख्ख. पुठ्ठ्याचा घागरा शिवल्यासारखा सेन्सरभोवती लावला, गाडी पुन्हा शहाणी झाली.

खरी गंमत पुढं. गाडी चालते, पण दारू प्यायल्यासारखी, डावीकडं-उजवीकडं झोकांड्या खात. कारण तिला ‘चुकलीस’ एवढंच कळतं, ‘किती चुकलीस’ ते कळत नाही.

इथं मी पोरांना गुऱ्हाळावर नेतो. मनानंच, पण बहुतेकांनी ते बघितलेलं असतं. ऑइल इंजिनवर चालणाऱ्या घाण्यात उसाची मोठी मोळी घातली की इंजिन दबतं. क्षणभरच. लगेच आवाज वाढतो आणि वेग जागेवर येतो. कुणी हात लावला का? नाही. आत गव्हर्नर असतो. फिरणारी वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी करतात. वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढवतात. थोडा उतरला तर थोडं, जास्त उतरला तर जास्त. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचंच हे भावकीतलं. झालेली चूक मोजायची आणि तीच उलटी फिरवून यंत्राला परत द्यायची, याला प्रतिपोषण (फीडबॅक) म्हणतात.

मग गाडीला दोनाऐवजी पाच सेन्सर लावले. त्यांना डावीकडून उणे २, उणे १, ०, १, २ असे नंबर दिले. ज्याच्याखाली पट्टी, तो आकडा म्हणजे चूक. नियम एका ओळीचा : वळण = २० × चूक. दोन्ही चाकांचा वेग १२० धरा. चूक २ असेल तर वळण ४०, म्हणजे डावं चाक १६० आणि उजवं ८०. चूक १ असेल तर १४० आणि १००. चूक शून्य, तर सरळ. वीसच्या जागी पाच ठेवले तर गाडी वळणावर सुस्तावते, साठ ठेवले तर पुन्हा झोकांड्या. त्यावरही उतारा आहे : चूक किती आहे याबरोबर ती किती झपाट्यानं बदलतेय तेही मोजायचं, आणि ती आधीच कमी होत असेल तर वळण आवरतं घ्यायचं. यात फरक भागिले वेळ येतं, तिथं अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. वाचकांपैकीही काहीजण बघत असतील. हरकत नाही.

सेन्सर वाचायचे आणि वळण द्यायचं, ही प्रोग्रॅमची एक फेरी. एका मुलीनं अशा प्रत्येक फेरीनंतर प्रोग्रॅमला सेकंदाचा दहावा भाग थांबायची आज्ञा घातली होती, ‘गाडीला विचार करायला वेळ मिळावा म्हणून’. गाडी सेकंदाला चौतीस सेंटिमीटर जाते. म्हणजे दर विश्रांतीत ती ३.४ सेंटिमीटर डोळे मिटून पळते आणि पट्टीची रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर. पट्टी कधी ओलांडली ते तिला कळतच नव्हतं. हा गुणाकार तिनं स्वतः फळ्यावर केला आणि आज्ञा खोडली.

गेल्या शनिवारी काटकोनाच्या वळणावर पट्टी पाचही सेन्सरमधून निसटली. सगळीकडं पांढरं, चूक शून्य, गाडी सरळ बाकावरून खाली. आता काय करायचं, विचारलं. मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, “सर, शेवटाला कुठल्या बाजूला दिसली हुती ते ध्यानात ठेवायचं, आन् तिकडंच फिरायचं की.”

प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढली. एक चाक वाकलंय, ते तेवढं उद्यमनगरातनं सरळ करून आणायचंय.