विल्सन कॉलेजचं १८३२ साल आणि त्याच्या मागची भानगड

कुठल्याही कॉलेजचा वार्षिक अहवाल उघडा, साच्यातलं सगळं सापडतं: विद्यापीठात आलेले नंबर, नवीन कोर्सेस, खेळातल्या ट्रॉफ्या, पाहुणे कोण आले, आणि वरती "स्थापना" म्हणून एक साल. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजचं ते साल १८३२. म्हणजे २०३२ ला दोनशे वर्षं होणार आणि तेव्हा जोरदार सोहळा होईलच. पण १८३२ ला कॉलेज नव्हतंच, होती ती गिरगावातल्या आंब्रोळीतली एक इंग्रजी शाळा. आणि या संस्थेला आकार देणारी वर्षं बघितली तर त्यातली बरीचशी वाईट वर्षं आहेत, जी कुठल्याच अहवालात माइलस्टोन म्हणून छापून येत नाहीत.

सुरुवातीपासून सांगायचं तर जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये बायकोला, म्हणजे मार्गारेटला, घेऊन मुंबईत उतरला. आल्या आल्या मराठी शिकला, नुसती कामापुरती नाही तर जाहीर वाद घालता येईल इतकी, आणि १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्याचा धर्मावरून वाद झालासुद्धा. मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या, आणि तेही ज्या काळात मुलीने शिकायचं म्हटलं की घरात रडारड व्हायची त्या काळात. ती १८३५ मध्ये इथेच वारली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत तिचं नाव जितकं यायला पाहिजे तितकं येत नाही.

शाळा चांगली चालली होती, हिंदू, पारशी, सगळ्यांची पोरं यायची, कारण इंग्रजी येणाऱ्याला नोकरी होती. आणि मग १८३९ आलं. विल्सनच्या हाताखाली शिकणाऱ्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत आग लागल्यासारखं झालं. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल विल्सनच्या बाजूने लागला, पण आई-बापांनी आपला निकाल आधीच लावला होता, भराभर पोरं काढून नेली आणि वर्ग ओस पडले. कोर्टात जिंकले आणि शाळेत हरले, असं ते वर्ष.

चारच वर्षांनी १८४३ मध्ये डबल फटका. तिकडे स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, एक गट बाहेर पडून फ्री चर्च झाला, आणि इथले मिशनरी त्या बाहेर पडलेल्यांबरोबर गेले. झालं, इमारत जुन्या चर्चच्या मालकीची, तिच्यावर पाणी सोडावं लागलं आणि संस्था पुन्हा शून्यापासून उभी करायची वेळ आली. विल्सन तेव्हा इथे नव्हताच, वर्षाच्या सुरुवातीलाच तो मायदेशी जायला निघाला होता, त्यामुळे निस्तरायचं काम मागे राहिलेल्या रॉबर्ट नेस्बिट वगैरे मंडळींच्या गळ्यात.

त्याच वर्षी श्रीपत शेषाद्री प्रकरण झालं, जे मराठी माणसाला बाळशास्त्री जांभेकरांमुळे ऐकून माहीत असतं. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरच, विल्सनच्या संस्थेतल्या मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप कोर्टात गेला, कोर्टाने मुलगा परत दिला, पण आता हा जातीत कसा घ्यायचा? बाळशास्त्री म्हणाले प्रायश्चित्त देऊन घ्या, त्यावर सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. एका पोराच्या मिशनऱ्यांकडे राहण्यावरून अख्ख्या शहरात शुद्धीची चर्चा सुरू झाली, ही विल्सनच्या संस्थेची नकळत झालेली कामगिरीच म्हणायची.

१८५७ चं वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं. एक, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं (विल्सन पुढे १८६८ मध्ये त्याचा कुलगुरू झाला) आणि संस्थेचा कॉलेज विभाग १८६१ ला त्याला जोडला गेला, म्हणजे खऱ्या अर्थाने "कॉलेज" म्हणायचं तर १८६१ हे साल धरायला हवं. दुसरं, त्याच वर्षीच्या सुरुवातीला गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी हिंदू धर्माच्या बाजूने मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. आज कॉलेज त्याच किनाऱ्याकडे तोंड करून उभं आहे, पण ती दगडी गॉथिक इमारत १८८९ ची, जॉन अॅडम्स या आर्किटेक्टची. विल्सन १८७५ लाच गेला होता, आपल्या नावाची ही बिल्डिंग त्याने पाहिलीच नाही. ती उभी राहिली तेव्हा कारभार डुगाल्ड मॅकिकन यांच्याकडे होता, होस्टेलला मॅकिकन हॉल हे नाव त्यांचंच.

आता खरी गंमत. पैसे स्कॉटलंडचे, आणि तिकडचे लोक साहजिकच विचारायचे की बाबांनो, शेक्सपियर आणि गणित शिकवताय ते ठीक, पण ख्रिस्ती किती झाले? तर फारच थोडे. हा वाद एकट्या मुंबईचा नाही, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या विल्यम मिलरनी तर उघड मांडलं की कॉलेजचं काम समाजात विचार झिरपवणं, माणसं मोजणं नव्हे. त्या मोजपट्टीने विल्सन कॉलेज नापास. पण मग पांडुरंग वामन काणे बघा, रत्नागिरी जिल्ह्यातला मुलगा, दापोलीच्या मिशन स्कूलमधून येऊन विल्सनमध्ये शिकला आणि पुढे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न झाला. मिशनऱ्यांच्या कॉलेजने हिंदू धर्मशास्त्राचा सगळ्यात मोठा आधुनिक अभ्यासक घडवला, हे पैसे पाठवणाऱ्या एडिंबराच्या कमिटीला कसं कळवलं असतं कोण जाणे! मोरारजी देसाईही इथलेच, म्हणजे भारतरत्न दोन.

आणि उषा मेहता. १९३९ मध्ये इथून फिलॉसॉफी घेऊन पदवीधर झाल्या, १९४२ च्या चळवळीत काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवलं, ४२.३४ मीटरवर, पोलिसांना चुकवायला जागा बदलत बदलत. नोव्हेंबरमध्ये पकडल्या गेल्या, जेल भोगली. स्वातंत्र्यानंतर याच कॉलेजात परत येऊन त्यांनी जवळजवळ तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, म्हणजे अहवालातल्या यादीत त्यांचं नाव माजी विद्यार्थ्यांतही टाकता येतं आणि स्टाफमध्येही.