ओल्या रंगातलं पाणी जातं कुठे?

फेविकॉलचा एक थेंब काचेवर सोडा आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा. आधी तो दुधासारखा पांढरा असतो. मग कडा पारदर्शक व्हायला लागतात, मधला पांढरा ठिपका आक्रसत जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. ॲक्रिलिक रंगांत मिसळायची जी मीडियम्स आपण शंभर-दोनशे रुपये मोजून आणतो, त्यांचं बरंचसं शास्त्र या थेंबात बघायला मिळतं. फेविकॉलमधलं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचं प्लास्टिक, वेगळं, पण वाळण्याची तऱ्हा तीच.

पाण्यात पॉलिमरचे बारीक गोळे तरंगत असतात. एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३ आणि ॲक्रिलिकचा साधारण १.४९, त्यामुळे प्रत्येक गोळ्याशी प्रकाश वळतो, विखुरतो, आणि सगळं मिळून पांढरं दिसतं. दूध पांढरं दिसतं तेही याच कारणानं. पाणी उडत गेलं की गोळे एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि अखेर एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. प्रकाश विखुरायला मधे काही उरतच नाही. निळ्यात भरपूर जेल, म्हणजे घट्ट मीडियम, घालून लावलेला हात ओला असताना फिकट वाटतो आणि दुसऱ्या दिवशी गडद दिसतो, तो यामुळे. रंग बिघडला असं समजून त्यावर पांढरा चढवायची घाई करू नये.

अमूर्त चित्र करताना पोत म्हणजे हाताची करामत असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, हात फक्त सुरुवात करून देतो. पाणी कुठून, किती आणि किती वेगानं बाहेर पडतं, यावर पोत ठरतो.

हाताचा भाग आधी बघू. श्रीखंडात चमचा ओढला तर रेघ तशीच राहते. काकवीत ओढला तर क्षणात बुजते. हेवी जेल श्रीखंडासारखं असतं. ठरावीक जोर लावेपर्यंत ते हलत नाही, सुरी फिरली की सैल होतं आणि सुरी उचलली की पुन्हा जागच्या जागी थांबतं. पोअरिंग मीडियम, म्हणजे रंगात मिसळून ओतायचं पातळ मीडियम, काकवीच्या जातीचं. ते स्वतःच्या वजनानं पसरतं आणि पृष्ठताण उरलासुरला उंचवटा सपाट करून टाकतो. मॉडेलिंग पेस्टमध्ये संगमरवराची पूड असते, त्यामुळे ती वाळल्यावर घासता येते, कोरता येते. पण जेलचा उंच कंगोरा सकाळी बसलेला दिसेल, कारण पाण्यानं अडवलेली जागा पाण्याबरोबरच गेली. कंगोरा जेवढा हवा असेल त्यापेक्षा जास्त उंच लावायचा, किंवा एक थर पुरता वाळल्यावर दुसरा द्यायचा.

पोअरिंगचा धडा मला जुलैत मिळाला. दोन फुटी प्लायवर जाड थर ओतला होता. बाहेर पाऊस, हवा दमट, दोन दिवस झाले तरी तो ओलाच. मी वैतागून टेबलफॅन थेट त्यावर रोखला. रात्रीतून वर चकचकीत कातडी आली आणि तिच्यावर केसाएवढ्या भेगांचं जाळं. सुईनं एक भेग उचकटून पाहिली, तर खाली रंग अजून पांढरट, ओला.

तापलेल्या दुधावर साय धरते तसंच झालं होतं. वरचा थर आधी वाळला आणि आक्रसू लागला, पण खालच्या थराला चिकटलेला असल्यामुळे त्याला आडवं सरकता येईना. ताण साठत गेला आणि जिथे पापुद्रा कच्चा होता तिथे फाटला. आता मी पंखा बंद ठेवतो, प्लायवर उलटं खोकं झाकतो आणि पाण्याला सावकाश जाऊ देतो. जाड थर आतून पुरता वाळायला आठवडे लागतात, कधी महिने. बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही.

क्रॅकल पेस्टमध्ये, म्हणजे वाळताना भेगा पाडणाऱ्या पेस्टमध्ये, याच ताणाचा मुद्दाम उपयोग केलेला असतो. आटलेल्या तळ्यात जिथे गाळ जाड तिथे भेगा लांब लांब पडून मोठ्या फरश्या होतात, पातळ गाळाचे लहान कपचे होतात. पेस्टचंही तसंच, म्हणून सुरीनं थर कमीजास्त केला की भेगांची वीण आपल्या हातात येते. ही पेस्ट ताठ फळीवरच लावावी. सैल कॅनव्हासवर कपचे सुटतात.

ओतलेल्या रंगांत उमटणाऱ्या पेशींसारख्या नक्षीची कथा ॲक्रिलिकच्या आधीची आहे. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कला प्रयोगशाळेसारखी कार्यशाळा चालवली. तरुण जॅक्सन पोलॉकही तिथे होता. मोटारींचे लॅकर एकावर एक ओतले की रंग आपोआप एकमेकांत घुसतात, हे त्यांना तिथे सापडलं. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्याच संशोधकांनी त्याचं भौतिकशास्त्र मांडलं. टायटॅनियमचा पांढरा काळ्यापेक्षा जड असतो. जड द्रव हलक्याच्या डोक्यावर बसवला की तो खाली उतरायला लागतो आणि हलका वाट काढत वर येतो. द्रवविज्ञानात याला रेली-टेलर अस्थिरता म्हणतात. जड पांढरा काळ्याच्या वर नसून खाली असेल, किंवा घनता सारखीच असेल, तर नक्षी उमटत नाही. मला हे फार भावतं: रंगाच्या निवडीत वजनाचीही निवड आली.

ॲक्रिलिक पॉलिमरचा अभ्यास जर्मनीत ओटो रोम यांनी १९०१ मध्ये प्रबंधात केला होता. चित्रकारांसाठी पाण्यानं पातळ करता येणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात बाजारात आले. तेलरंगाच्या मानानं हे माध्यम अगदी कोवळं आहे.

तापमानाचं मात्र भान हवं. साधारण दहा अंशांखाली गोळे कडक राहतात, एकजीव होत नाहीत आणि थर ठिसूळ निघतो. अमेरिकेत हिवाळ्यात गॅरेजमध्ये रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे अडचण उलटी. वाळलेला पापुद्राही उन्हाळ्यात मऊ पडतो, धूळ धरतो, शेजारच्या चित्राला चिकटतो. एका मे महिन्यात मी दोन कॅनव्हास मधे वर्तमानपत्र घालून एकमेकांवर ठेवले. जूनमध्ये सोडवले, तेव्हा पिवळ्या भागावर एका बातमीचा अर्धा मथळा उलट्या अक्षरांत उमटलेला होता. तेव्हापासून मी मधे गुळगुळीत सिलिकॉन कागद ठेवतो आणि चित्रं उभीच ठेवतो.