तेलकुंड, रोटरी इंजिनाचे (हौशी बांधणीच्या विमानांतील)

इंजिनाच्या तळाशी बोल्टने बसवलेले, वंगणतेल साठवणारे व पंपाला ते अखंड पुरवणारे पात्र. मराठी गॅरेजांत यालाच ‘चेंबर’ म्हणतात. प्रस्तुत नोंद मोटारीतून काढून हौशी बांधणीच्या विमानावर चढवलेल्या माझदा १३बी इंजिनासाठी (दोन रोटर, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी भाग; प्रत्येकी ६५४ घ.सेंमी.) नव्याने घडवल्या जाणाऱ्या तेलकुंडापुरती मर्यादित आहे.

‘रोटरी’ ही संज्ञा दोन भिन्न यंत्रांना लावली जात असल्याने तिचा उलगडा आवश्यक ठरतो. पहिल्या महायुद्धातील नोम प्रकारच्या इंजिनांत दंड स्थिर राहून सिलिंडर फिरत. त्यांत एरंडेल एकदा वापरून बाहेर फेकले जाई, म्हणून तेलकुंड नसेच. त्या रचनेचे जनकत्व काही जण ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांना (१८८९), तर काही जण फ्रान्समधील फेलिक्स मिये यांना देतात. मात्र हारग्रेव्ह यांचे यंत्र दाबित हवेवर चालणारे होते, हे ध्यानात घेता मिये यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. येथे अभिप्रेत असलेले इंजिन फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या १९५७ मध्ये चाललेल्या नमुन्यात रोटर व त्याभोवतीचे कवच दोन्ही फिरत असत. कवच स्थिर ठेवण्याची, आज रूढ असलेली रचना एनएसयू कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांची होय. तळाशी साधे तेलकुंड जोडणे सोपे झाले ते या रचनेमुळे, असे म्हणता येईल.

१३बी इंजिनात तेल वंगणाबरोबरच रोटर आतून थंड ठेवण्याचे कामही करते; शीतनाचा सुमारे एक तृतीयांश भार तेलावर असतो, असे सामान्यतः मानले जाते. विकेंद्री दंडातील (रोटरांमधून जाणाऱ्या मुख्य दंडातील) छिद्रांतून रोटरांत उडवलेले तेल तापून व फेसाळून खाली येते. ते पुन्हा शोषले जाण्यापूर्वी त्यातील हवा सुटायला उसंत मिळावी लागते. त्यामुळे कुंडाची धारणशक्ती फार कमी करून चालत नाही. शिवाय ज्वलनवायूंची थोडी गळती आत येतेच. तिच्यासाठी श्वासनळी ठेवतात.

संकल्पनाचा खरा कस शोषनळीच्या, म्हणजे पंप जिच्यातून कुंडातील तेल ओढतो त्या नळीच्या, जागेत लागतो. समतोल वळणात तेल मोटारीप्रमाणे एका कुशीला धावत नाही, तळाशीच राहते. अडचण येते ती विमानाचे नाक वर किंवा खाली झाल्यावर. उदाहरणार्थ, ४० सेंमी. लांब, ८ सेंमी. खोल आणि निम्मे भरलेले सपाट कुंड १५ अंशांनी कलले, की वरच्या टोकाकडील सुमारे ५ सेंमी. तळ कोरडा पडतो. शोषनळीचे तोंड तेथे असेल तर पंप हवा ओढतो, दाबमापकाचा काटा थरथरू लागतो, आणि बेअरिंगे व रोटर दोन्ही संकटात येतात.

तेलपंप इंजिनाच्या मोटारीतील पुढच्या टोकाशी असतो. पंखा (प्रोपेलर) पुढे असलेल्या विमानात इंजिनाचे पुढचे टोक मागे करून, गतिचक्राची (फ्लायव्हीलची) बाजू पंख्याकडे ठेवून बसवतात. म्हणजे पंपाचे टोक विमानाच्या मागील अंगास जाते. चढाईत तेल त्याच्याकडेच वाहते व उतरताना दूर सरकते. लाँग-ईझीसारख्या, पंखा मागे असलेल्या विमानात नेमके उलट घडते, आणि इंजिनावर सर्वाधिक भार असताना, म्हणजे चढाईतच, तोंड उघडे पडण्याचा धोका उद्भवतो. एका विमानासाठी यशस्वी ठरलेला आराखडा दुसऱ्यासाठी जसाच्या तसा उचलणे म्हणूनच घातक आहे. तोंडाभोवती खोलगट कप्पा करून त्याला फक्त आतल्या बाजूस उघडणाऱ्या बिजागरी झडपा लावणे, हा उपाय रूढ आहे. स्वतंत्र टाकी असलेली ‘ड्राय संप’ पद्धत काही जण पसंत करतात. परंतु तिच्यातील जादा पंप व नळ्या पाहता साध्या उड्डाणासाठी ओले कुंडच उजवे वाटते.

घडणीसाठी ५०५२ जातीचा ॲल्युमिनियम पत्रा सोयीचा पडतो. २०२४ हा विमानांतील नेहमीचा पत्रा वेल्डिंगला योग्य नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने काठाची पट्टी वाकते, म्हणून काम चालू असताना ती जाड पाटाला किंवा निकामी इंजिनाला बोल्टने आवळून ठेवतात. जोड तपासण्यासाठी बाहेरून खडूची भुकटी फासून आत रॉकेल ओततात व काही तास थांबतात. सूक्ष्म छिद्र असल्यास पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. बसवताना सांधा बंद करणाऱ्या सिलिकोनचा थर पातळच द्यावा लागतो, कारण आत ओघळलेली त्याची गोळी सुटून शोषनळीच्या जाळीवर बसल्यास तेलपुरवठा तुटतो.