उत्तरकालीन अल्बम, इंडी रॉकमधील : स्वीकृती व समीक्षा

इंडी (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र कंपन्यांतून पुढे आलेल्या) रॉक प्रवाहातील एखाद्या बँडने कारकीर्दीची दहा-पंधरा वर्षे उलटल्यानंतर काढलेल्या अल्बमला समीक्षक व श्रोते जो प्रतिसाद देतात, त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अशा अल्बमची तुलना त्याच वर्षीच्या इतर अल्बमांशी कमी आणि त्याच बँडच्या एखाद्या गाजलेल्या जुन्या अल्बमशी अधिक केली जाते, हे या प्रतिसादाचे मुख्य लक्षण होय. प्रकाशनाच्या आठवड्यात दिलेला निर्णय पुढे बऱ्याचदा बदलतो, तोही प्रामुख्याने यामुळेच.

कोणत्या बँडला इंडी म्हणावे याविषयी एकमत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र कंपन्यांच्या विक्रीची वेगळी साप्ताहिक यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिचा निकष संगीताच्या शैलीचा नव्हता, तर ध्वनिमुद्रिकेचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर होते की नाही, एवढाच होता. हा निकष काटेकोरपणे लावल्यास १९८८ मध्ये वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेलेला आर.ई.एम. आणि १९९० मध्ये गेफन या तशाच मोठ्या कंपनीच्या छत्राखाली अल्बम काढणारा सॉनिक यूथ हे दोन्ही बँड पुढील काळात या वर्गातून बाद ठरतात. समीक्षेत मात्र उगम, श्रोतृवर्ग आणि कार्यपद्धती पाहून त्यांना इंडी परंपरेतच धरण्याची रीत आहे. येथे तीच स्वीकारली आहे.

समीक्षेला अंक वा श्रेणी जोडण्याची प्रथा नेमकी कोठून आली, हे सांगताना सहसा अमेरिकी रॉकसमीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ हे एकच नाव पुढे केले जाते. वास्तविक तिचे उगम एकाहून अधिक असावेत. क्रिस्टगाऊ यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ग्राहक-मार्गदर्शिकेच्या धर्तीवर सदर सुरू केले आणि अल्बमांना शालेय प्रगतिपुस्तकाप्रमाणे ए-प्लस ते ई-मायनस अशा श्रेणी दिल्या. खरेदीविक्रीला तुच्छ लेखणाऱ्या तत्कालीन प्रतिसंस्कृतीला डिवचण्याचा हेतूही त्यामागे होता. तथापि जॅझच्या क्षेत्रात ‘डाउनबीट’ या मासिकाने ताऱ्यांची पद्धत त्यापूर्वीच रुजवली होती, त्यामुळे क्रिस्टगाऊ यांना प्रवर्तक म्हणण्यापेक्षा रॉकसमीक्षेत श्रेणीपद्धती प्रतिष्ठित करणारे समीक्षक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. १९६७ मध्ये निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाने पंचतारांकित पद्धत बरीच उशिरा, १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीकारली असे दिसते. ‘पिचफोर्क’ हे संगीतविषयक प्रकाशन रायन श्रायबर यांनी मिनिॲपोलिस येथे सुरू केले. त्याच्या स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १९९५, तर काही ठिकाणी १९९६ असे दिले जाते. शून्य ते दहा ही त्याची मोजपट्टी एका दशांश स्थळापर्यंत जाते. ७.८ आणि ७.९ यांतील फरक कोणत्या गुणाचा, याचे उत्तर ही मोजपट्टी देत नाही. तरीही इंडी श्रोत्यांच्या चर्चेत तिच्याइतके वजन क्वचितच दुसऱ्या मोजपट्टीला मिळाले.

२००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ या परीक्षणे संकलित करणाऱ्या संकेतस्थळाने या सर्व पद्धती शंभराच्या एकाच मापात आणून त्यांची भारित सरासरी काढण्यास आरंभ केला. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला जातो, हे जाहीर केले जात नाही. रूपांतरही दिसते तितके निरुपद्रवी नाही. पाचांपैकी तीन तारे म्हणजे ‘रोलिंग स्टोन’च्या परिभाषेत ‘चांगला’ अल्बम. पण शंभराच्या मापात त्याचे ६० होतात आणि ४० ते ६० हा पट्टा ‘संमिश्र’ म्हणून ओळखला जातो. याउलट बी-मायनस या काहीशा नाराजीच्या श्रेणीचे ६७ होऊन ती ‘सर्वसाधारणपणे अनुकूल’ या पट्ट्यात जाते. जुन्याजाणत्या बँडच्या नीटस पण अनपेक्षित असे काही नसलेल्या अल्बमला तीन तारे देण्याकडे समीक्षकांचा कल असल्यामुळे या रूपांतराचा फटका अशा अल्बमना विशेष बसतो.

शिकागोच्या विल्को या बँडचा २००७ मधील ‘स्काय ब्लू स्काय’ हा या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मानावा लागेल. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचा ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ हा अल्बम रिप्रीझ कंपनीने नाकारला आणि नॉनसच कंपनीने एप्रिल २००२ मध्ये प्रसिद्ध केला. गमतीचा भाग असा की या दोन्ही कंपन्या एकाच वॉर्नर समूहातील होत्या. त्या अल्बमला ‘पिचफोर्क’ने १० पैकी १० गुण दिले आणि ‘व्हिलेज व्हॉइस’च्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात तो पहिला आला. त्यातील ध्वनीची मोडतोड, रेडिओची खरखर व विस्कळीत रचना हीच विल्कोची ओळख ठरून गेली. पाच वर्षांनी आलेल्या ‘स्काय ब्लू स्काय’मध्ये यांतले जवळजवळ काही नव्हते. सहा वादकांनी एकत्र बसून वाजवलेले, मोकळ्या गिटारांचे, १९७० च्या दशकातील अमेरिकी रॉकची आठवण करून देणारे हे संगीत होते. ‘पिचफोर्क’ने त्याला ५.२ गुण दिले आणि समीक्षेत ‘डॅड-रॉक’ (वडिलांच्या पिढीला रुचेल असा जुन्या वळणाचा रॉक) हा शिक्का मारला. हा शिक्का ब्रिटिश संगीतपत्रकारितेत १९९० च्या दशकापासून वापरात होता, परंतु विल्कोला तो जो चिकटला तो कायमचाच. त्याबद्दल खुद्द त्या समीक्षकानेच पुढे खंत व्यक्त केली.

श्रोत्यांचे मत त्या वेळीही समीक्षेच्या मागे गेले नाही. अल्बम अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला. त्यातील ‘इम्पॉसिबल जर्मनी’ या गाण्याच्या उत्तरार्धात बँडचे गिटारवादक नेल्स क्लाइन यांचे प्रदीर्घ एकल गिटारवादन असून त्यानंतर इतर गिटार एकमेकांशी जुळवून घेत समांतर धून धरतात. हे गाणे बँडच्या मैफलींत हुकमी ठरले, कारण तो एकल भाग क्लाइन दर वेळी नव्याने रचतात. संथ म्हणून बाजूला सारलेल्या अल्बममधील उत्स्फूर्ततेचा अंश श्रोत्यांना असा मैफलीतून उलगडत गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’ने आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलून प्रसिद्ध केले, त्यात ‘स्काय ब्लू स्काय’चे ५.२ वरून ८.५ झाले.

सॉनिक यूथच्या २००० मधील ‘एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स’ला याच प्रकाशनाने ०.० गुण दिले होते. आदल्या वर्षी बँडची वाद्यसामग्री चोरीस गेली होती. विशिष्ट स्वरमेळासाठी वर्षानुवर्षे फेरफार केलेली गिटारे त्यात गेल्याने जुनी गाणी जुन्या पद्धतीने वाजवणेच अवघड झाले, आणि अल्बमचा विरळ, पठणाकडे झुकणारा बाज काही अंशी त्यातून आला असावा. गुण देताना ही पार्श्वभूमी फारशी विचारात घेतली गेली नाही.

अशा प्रतिसादाची दोन कारणे दिली जातात. एका मतानुसार बँडची सर्जनशीलताच काळानुसार ओसरते आणि समीक्षा तेवढेच नोंदवते. आर.ई.एम.चा २००४ मधील ‘अराउंड द सन’ या मताला पोषक आहे; त्याच्याविषयी बँडचे गिटारवादक पीटर बक यांनीही जाहीर नापसंती दर्शवली. दुसऱ्या मतानुसार दोष अपेक्षेचा असतो : बँड बदलला तर ओळख हरवली म्हणायचे आणि न बदलला तर पुनरावृत्ती. उपलब्ध उदाहरणे पाहता दुसरे मत अधिक प्रकरणांना लागू पडते. आर.ई.एम.च्याच ‘ॲक्सिलरेट’ (२००८) चे स्वागत झाले, ते मुख्यतः जुना वेग परत आला म्हणून. डायनोसॉर ज्युनियरच्या मूळ तीन वादकांनी १९८८ नंतर प्रथमच एकत्र येऊन काढलेल्या ‘बियाँड’ (२००७) बाबतही हेच घडले. पिक्सीजच्या ‘इंडी सिंडी’ला (२०१४) ही सवलत मिळाली नाही, बँडच्या बास गिटारवादक किम डील या आदल्याच वर्षी बँडमधून बाहेर पडल्या होत्या आणि परीक्षणांत त्यांची अनुपस्थिती हाच मोठा विषय झाला.

मिनेसोटातील डुलुथचा, १९९३ मध्ये स्थापन झालेला लो हा बँड मात्र या चौकटीत बसत नाही. संथ, स्वच्छ गायनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडने पंचवीस वर्षांनी ‘डबल निगेटिव्ह’मध्ये (२०१८) आपलाच आवाज विकृत करून, तोडून-दाबून मांडला आणि कारकीर्दीतील सर्वोत्तम म्हणावी अशी परीक्षणे मिळवली.

सामान्य श्रोत्यांच्या मताची साधने तुटपुंजी आहेत. आर.ई.एम.चा ‘मॉन्स्टर’ (१९९४) लाखोंनी खपला, पण त्याच्या सीडी पुढे जुन्या मालाच्या दुकानांत ढिगाने दिसत, हे त्या काळी नापसंतीचे सर्वांत ठळक चिन्ह मानले जाई. २००० नंतर ‘रेट युअर म्युझिक’सारख्या संकेतस्थळांवर श्रोत्यांच्या गुणांकन-नोंदी उपलब्ध झाल्या. गाइडेड बाय व्हॉइसेससारखा बँड एकाच वर्षात दोन-तीन अल्बम काढतो, तेव्हा त्यांतील प्रत्येकाची दखल घेणे समीक्षकांना जमत नाही. चारांहून कमी परीक्षणे आल्यास ‘मेटाक्रिटिक’ सरासरी देत नाही. मग अशा अल्बमविषयी श्रोत्यांच्या नोंदी तेवढ्या उरतात, आणि त्या बहुतांशी बँडच्या निष्ठावंत चाहत्यांच्याच असतात.