लाईट गेल्यावर झडप कुठे जाते? स्प्रिंगचा ॲक्च्युएटर आणि बिनस्प्रिंगचा

बार्बेक्यू पिटच्या डॅम्परवर, म्हणजे हवा-धुराच्या झडपेवर, बसून ती मोटरने फिरवणारे हे दोन डबे (ॲक्च्युएटर) शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येत नाहीत. दोन्ही 24 व्होल्टचे मिळतात, दोन्ही क्लॅम्पने थेट शाफ्टवर बसतात, दोन्ही साधारण 90 अंश फिरतात. स्प्रिंगवाला हाताला जड लागतो आणि महाग पडतो, म्हणून बऱ्याचदा बिनस्प्रिंगचाच आणला जातो.

खरा फरक लाईट गेल्यावर दिसतो. स्प्रिंगवाल्याची मोटर झडप फिरवताना आतली स्प्रिंगही गुंडाळत असते. वीज तुटली की स्प्रिंग उलगडते आणि झडप ठरलेल्या टोकाला जाते. बिनस्प्रिंगचा मात्र जिथे असेल तिथेच गिअर धरून थांबतो.

गोव्यात पावसाळा लागला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही. किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात हवेच्या झडपेवर मी बिनस्प्रिंगचा बसवला होता. जूनमधल्या एका रात्री डुकराचे खांदे 110 अंशांवर लावलेले असताना लाईट गेली. झडप अर्धी उघडी राहिली, विस्तव हवा ओढत राहिला. पहाटे दारावरच्या थर्मामीटरचा काटा 200 च्या पुढे होता आणि मांसावरची चरबी काळीठिक्कर. ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून हवेच्या झडपेला मी स्प्रिंगवालाच लावतो, ‘वीज नसताना बंद’ असा. धुराड्याच्या झडपेलाही स्प्रिंगवालाच, पण ‘वीज नसताना उघडी’. दोन्ही बंद होतील असे बसवणं घातक आहे: विस्तव धुमसत राहतो, आणि धुराड्याची वाट नसली की कार्बन मोनॉक्साइड स्वयंपाकघरात पसरतो. त्याला वास नसतो.

बिनस्प्रिंगचा वाईट नाही. माणूस कायम शेजारी असेल किंवा ती झडप आगीला हवा देणारी नसेल, तर तो चालतो. जुळवायलाही सोपा: बटण दाबून गिअर सोडवा, झडप हाताने बंद करा, क्लॅम्प आवळा, थांब्याचे स्क्रू लावा. दिशा उलटी आली तर बहुतेकांवर छोटा स्विच असतो.

स्प्रिंगवाल्याचं तसं नाही. त्याची दिशा बहुधा डबा पालटून ठरते. आधी शाफ्टच्या टोकावर करवतीने झडपेच्या पात्याच्या रेषेत एक खूण करा; पातं आत दिसत नाही, ही खूणच सांगते. मग वीज बंद ठेवून, लाईट गेल्यावर झडप जिथे जायला हवी तिथे ती हाताने न्या. झडप ‘वीज नसताना बंद’ होणारी असेल तर क्लॅम्प आवळण्याआधी डब्यातली स्प्रिंग हँडलने सुमारे 5 अंश गुंडाळून घ्या, म्हणजे स्प्रिंग पातं घट्ट दाबून धरते. पान्याने जबरदस्तीने फिरवू नका, गिअरचे दात जातात. डबा फिरू नये म्हणून लावायची पट्टी किंचित सैल राहू द्या. शाफ्ट थोडा वाकडा फिरतोच, आणि पट्टी ताठ असली तर सगळा ताण डब्यावर येतो.

दोघांनाही भट्टीची धग सोसत नाही, बऱ्याच मॉडेलांची मर्यादा 50 अंशांच्या आसपास असते. म्हणून डबा पत्र्याला चिकटवू नका. दांडा आणि कंस लावून लांब घ्या. किनाऱ्यावर नट-बोल्ट स्टेनलेसचेच.

शेवटी विस्तव पेटवण्याआधी झडप अर्धी उघडा आणि एमसीबी पाडा. शाफ्टवरची खूण फिरताना डोळ्यांनी बघा.